माझ्याविषयी

हडर्सफील्डच्या या एका रस्त्यावर
हिशेब लिहिणारे आम्ही चौघे.
तिघांच्या पाट्या पितळेच्या,
माझी छापील, काचेला आतून चिकटवलेली,
उन्हाने निळ्याची करडी झालेली.

डेब्रा लोकांना वेबसाइट करून देते,
बदल्यात तिच्या व्हॅटचं मी बघते.
ती म्हणाली, "प्रामाणिक, वक्तशीर, अनुभवी,
अगं, हे तर तिघांनीही लिहिलंय.
त्यांच्याकडे नाही असं काय आहे तुझ्याकडे?"

काही नाही, म्हटलं.
मग चहा निवेपर्यंत गप्प बसले
आणि सांगितलं भिंतीचं.

सोलापूर, साखर पेठ, आईची खानावळ.
चाळीस विणकर, दोन पाळ्या,
दाराआडच्या भिंतीवर कोळशाने रेघा:
जेवणाची उभी, पाहुण्याची आडवी,
उपासाला टिंब.
नावांच्या जागी खुणा. नरसय्याला धोटा,
अंबादासला मिशी.
आई मोजायची तेलुगूत, भांडायची मराठीत,
लिहिता मात्र दोन्हींत येत नव्हतं.

डेब्राने पेन खाली ठेवलं.
"हे," म्हणाली. "हेच."

तीन ओळी झाल्या. वर माझा फोटो.
कानातलं जरा मोठं घाल म्हणाली, घातलं.
शेवटची ओळ मात्र माझी स्वतःची:
त्या भिंतीवर एका पैशाची चूक कधी झाली नाही.

आणि लोक आले.
छपरं दुरुस्त करणारा टेरी, बिस्किटांच्या डब्यात पावत्या घेऊन,
कुत्र्यांचे केस कापणारी मॉरीन,
धुराडी झाडणारे बापलेक,
ज्यांच्या वहीलाही काजळी.
सगळे आधी भिंतीचं विचारतात.
कुणाची आजी इथल्याच गिरणीत होती,
कुणाला पडतं, कोळसा का, खडू का नाही?
मी सांगते. दर वेळी थोडं बरं सांगते.
कुठे थांबायचं तेही आता जमतं.
गिऱ्हाइकं चाळीसच्या वर गेली,
आईच्या पंगतीला मागे टाकून.

सांगत नाही ते असं:
माग बंद पडले त्या साली नरसय्या
अकरा महिने तसाच जेवला.
आई रोज रेघ ओढायची, एकही चुकवली नाही,
आणि दिवाळीआधी चुना कालवला
तेव्हा पहिला हात धोट्याच्या कोपऱ्यावर.
बाबा ओरडले.
भिंत मळली होती, आई म्हणाली.

आणि एकदा, हेही खरंच,
मिशीखाली तिने दोन रेघा जास्त ओढल्या.
शाळा सुरू होणार होती.
मी पाहिलं. मी पाहिलेलं तिने पाहिलं.
अंबादासने निमूट पैसे मोजले,
त्यात धाकट्याच्या वह्या आल्या,
माझ्याही.

जानेवारीची एकतीस, रात्रीचे नऊ.
टेरी आला, डबा हलका.
ऑक्टोबरात शिडीवरून पडला, तेव्हापासून काम नाही.
विवरणपत्र गेलं, पोच आली.
"तुझे किती?" जॅकेटची चेन
वर-खाली, वर-खाली करत.
बघते, म्हटलं.

तो गेल्यावर फायलींचं कपाट उघडलं,
दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने
एक शिडी काढली,
शिडीखाली एक रेघ.
मग शेजारी कुत्रा काढायला घेतला.
कान झाले, शेपूट झालं,
मॉरीनचा धंदा बरा चाललाय,
तिला कळणारही नाही,
आणि तिथे हात थांबला.

बिनपायांचा कुत्रा अजून आहे दारावर.
ती शेवटची ओळ काढून टाक,
असं डेब्राला सांगायचंय.
की राहू द्यावी?
व्हॅटची तारीख सात.
तेव्हा भेटेलच ती.